शासनात धोरण विश्लेषणाचे काम : नागपुरात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

‘धोरण विश्लेषक’ या नावाचे पद महाराष्ट्र शासनाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, सहसा सापडत नाही. त्यामुळे हे काम करू इच्छिणाऱ्या अनेक तरुणांना अर्ज नेमका कुठे करायचा, हेच समजत नाही. काम मात्र जागोजागी आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयातील संशोधन अधिकारी ते करतो, जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या हाताखालचा सहायक ते करतो, मंत्रालयातील कक्ष अधिकारी टिप्पणीच्या रूपाने रोज करतो आणि अलीकडे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत ठरावीक मुदतीसाठी येणारे फेलो व सल्लागारही तेच करतात. एखादा सार्वजनिक प्रश्न समजून घ्यायचा, त्यावर शासनाला काय काय करता येईल ते तपासायचे, प्रत्येक पर्यायाचा खर्च व परिणाम मांडायचा आणि ज्याच्यावर सही करता येईल असा कागद निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. नागपूर विभागात हे काम करताना मला जे उपयोगी पडले, ते नव्याने येणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगतो.

आत येण्याचे मार्ग

कायमस्वरूपी पदासाठी मुख्य वाट स्पर्धा परीक्षेची आहे. राज्यात महाराष्ट्र लोकसेवा आयोग आणि केंद्रात संघ लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवा व भारतीय सांख्यिकी सेवा या परीक्षा त्यासाठी आहेत. मुदतीच्या कामासाठी २०१५ मध्ये सुरू झालेला मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम आहे, नीती आयोगातील ‘यंग प्रोफेशनल’ची पदे आहेत आणि जिल्हा पातळीवर निरनिराळ्या योजनांच्या व्यवस्थापन कक्षांच्या जाहिराती निघत असतात. पात्रतेच्या अटी दर वर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाची जाहिरातच प्रमाण मानावी. पदवी अर्थशास्त्राची आहे की कृषीची, विधीची आहे की अभियांत्रिकीची, याला मी फार महत्त्व देत नाही. दर, टक्केवारी आणि टक्केबिंदू यांतला फरक ज्याला खात्रीने कळतो, आणि जो अर्धे पान शुद्ध, संदिग्धता नसलेले मराठी लिहू शकतो, तो या कामात टिकतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्य शासनाचा कारभार मराठीत चालतो. इंग्रजीत विचार करून लिहिलेली टिप्पणी वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीतच थकवते.

पहिले पंधरा दिवस : शासन निर्णय वाचणे

रुजू झाल्यावर लगेच सादरीकरण तयार करायला बसू नका. तुमच्याकडे जो विषय सोपवला असेल, त्याचे सर्व शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि जुन्यापासून नव्यापर्यंत तारखेच्या क्रमाने वाचा. प्रत्येक शासन निर्णयाच्या आरंभी ‘वाचा’ या शब्दाखाली आधीचे संदर्भ दिलेले असतात. त्या संदर्भांचा माग काढत मागे गेल्यास योजना कोणत्या अडचणीतून जन्मली, कोणती अट कधी शिथिल झाली आणि कोणती कधीच पाळली गेली नाही, हे उलगडत जाते. त्यानंतर प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, मग खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या सांकेतिक क्रमांकाखाली) टाकायचा ते, आणि शेवटी वित्त विभागाने सहमती दिली असल्यास तिचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक, असा क्रम असतो. पुष्कळ नवे सहकारी केवळ मधला भाग वाचतात. माझा अनुभव असा की शेवटची दोन कलमे आधी वाचावीत, कारण पैसा कुठून येणार हे ज्या निर्णयात स्पष्ट नाही, त्याची अंमलबजावणी जिल्ह्यात कशी झाली असेल याचा अंदाज तेथेच येतो.

शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना आणि आदेश यांत गल्लत करू नये. परिपत्रक सूचना देते, पण ते नियम बदलू शकत नाही. शुद्धिपत्रक व पूरकपत्र शोधायला विसरू नका. पात्रतेचा एक आकडा शुद्धिपत्रकाने बदललेला असतो आणि तालुक्यात मात्र मूळ आकड्यावरच अर्ज नाकारले जात असतात, असे मी एकाहून अधिक विषयांत पाहिले आहे.

पैशाची वाट ओळखणे

लेखाशीर्षाचे पहिले चार अंक हे प्रधान शीर्ष असते. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२३६ म्हणजे पोषण आहार. पहिला अंक २ किंवा ३ असेल तर खर्च महसुली, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. एवढे पाठ झाले की अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड वाचण्याची भीती निम्मी कमी होते.

यानंतर चार आकडे नेहमी वेगळे ठेवायला शिका : अर्थसंकल्पीय तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च. बैठकीत ‘योजनेवर एवढे कोटी खर्च झाले’ असे कुणी म्हणाले, तर त्यांतला कोणता आकडा सांगितला जात आहे ते नम्रपणे विचारून घ्या. जिल्हा परिषदेच्या योजनांत तर हे फारच महत्त्वाचे आहे. निधी जिल्हा परिषदेकडे वर्ग झाला की कोषागाराच्या दृष्टीने तो खर्ची पडलेला असतो. वर्गखोलीची दुरुस्ती किंवा नळपाणी योजनेचे काम मात्र पुढच्या आर्थिक वर्षात चाललेले असते. मार्चअखेरचा शंभर टक्के खर्च पाहून काम पूर्ण झाले असे लिहिणारा विश्लेषक वरिष्ठांना नकळत चुकीच्या निर्णयाकडे नेतो. उपयोगिता प्रमाणपत्र आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला हे दोन कागद वेगळे मागवा.

जिल्ह्यातील नियोजनाची चौकट समजण्यासाठी राज्यघटनेतील अनुच्छेद २४३ झेडडी आणि १९९८ चा महाराष्ट्र जिल्हा नियोजन समिती अधिनियम वाचावा. जिल्हा वार्षिक योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना यांचे निधी वेगळे असतात आणि एकाचा पैसा दुसऱ्याच्या कामाला सहज वळवता येत नाही. चांगला प्रस्ताव अनेकदा याच ठिकाणी अडतो.

आकडा जिथे जन्मतो तिथपर्यंत जाणे

या भागावर मी अधिक थांबणार आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात.

सुरुवातीला हाती घेण्यासारखी साधने अशी : राज्याच्या अर्थसंकल्पाआधी प्रसिद्ध होणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’, जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, शाळांसाठी यूडायस ही माहिती प्रणाली, आणि आरोग्य व पोषणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. प्रत्येकाची मर्यादा लक्षात ठेवावी. पाचवे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळातले आहे आणि ते जिल्ह्यापर्यंतच आकडे देते. त्यावरून भिवापूर आणि काटोल तालुक्यांची तुलना करता येत नाही. जनगणना २०११ ची आहे. तेव्हा नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती. त्यानंतर हिंगणा, कामठी आणि बेसा-पिपळ्याच्या बाजूला वस्ती किती पसरली आहे, हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. जुन्या लोकसंख्येने आजच्या लाभार्थ्यांना भागले की व्याप्ती फुगलेली दिसते, आणि जिथे गरज सर्वांत जास्त वाढली आहे तिथेच योजना पूर्ण झाल्याचा भास होतो. नकाशावर माहिती मांडायची असेल तर महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आपल्या नागपुरातच, व्हीएनआयटीच्या आवारात आहे, याचा लाभ घ्यावा.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो. कामाच्या पहिल्या वर्षी विभागातील एका तालुक्याच्या मासिक अहवालात मला असे दिसले की, एका बीटमधील (एका पर्यवेक्षिकेकडील अंगणवाड्यांच्या गटातील) तीव्र कुपोषित बालकांची संख्या चार महिन्यांत निम्म्यावर आली आहे. मी उत्साहाने टिप्पणी तयार केली आणि त्या बीटची पद्धत इतरत्र राबवावी असे सुचवले. आमच्या वरिष्ठ मॅडमनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “आधी वही पाहून या.” मी गेलो. अंगणवाडी सेविका ताईंनी लोखंडी कपाटातून वजनाची नोंदवही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर काही खटकले नाही. दुसऱ्या पानावर एका मुलीचे वजन ९.४ किलो होते, पुढच्या महिन्यातही ९.४ आणि त्याच्या पुढच्याही महिन्यात ९.४. खाली बोट नेत गेलो तर आणखी सहा-सात मुलांचे तसेच होते. भिंतीवर काटा टांगायचा हूक होता, काटा नव्हता. तो दुरुस्तीला गेला होता आणि परत आला नव्हता. ताई म्हणाल्या, “सर, रकाना रिकामा ठेवला की वरून फोन येतो. म्हणून मागचंच लिहिलं.” ज्या मुलांची नोंद ‘तीव्र’मधून वगळली गेली होती, ती गावाबाहेर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची होती. ती सुधारली नव्हती. ती गावातच नव्हती. आणि हे सर्व ताईंना पूर्ण ठाऊक होते. कोणते मूल कोणाबरोबर कुठे गेले आहे, कोणाच्या अंगावर सूज दिसत होती, हे त्यांनी एकही कागद न पाहता सांगितले. त्यांना हे कुणी विचारलेच नव्हते.

मी ती टिप्पणी मागे घेतली आणि दुसरी लिहिली : नादुरुस्त वजनकाट्यांची तालुकानिहाय यादी, बदली काटा किती दिवसांत मिळावा याची मुदत, नोंदीत ‘वजन घेतले नाही’ असा पर्याय, आणि स्थलांतरित बालकांची नोंद ज्या गावात कुटुंब गेले तेथील अंगणवाडीकडे कळवण्याची पद्धत. पहिल्या टिप्पणीपेक्षा ती निम्म्या लांबीची होती. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो आणि ती तुम्हीही पाळावी असे मनापासून वाटते. ज्या आकड्यावर निर्णय टेकणार आहे, तो आकडा प्रथम कोण लिहितो, कोणत्या वहीत, कोणत्या साधनाने मोजून आणि रकाना रिकामा राहिल्यास त्या व्यक्तीला काय सोसावे लागते, या चार गोष्टी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय तो आकडा टिप्पणीत घालू नये. सर्वत्र जाणे शक्य नसते. तीन ठिकाणे पुरतात, पण ती तालुक्याने सुचवलेली नसावीत, तुम्ही स्वतः यादीतून निवडलेली असावीत.

प्रश्न नेमका मांडणे

‘नागपुरात उन्हाचा त्रास वाढला आहे’ हे विधान खरे आहे, पण त्यावर शासनाला कोणताही आदेश काढता येत नाही. तेच असे लिहून पाहा : ‘मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत सार्वजनिक बांधकामांवर काम करणाऱ्या मजुरांना सावली व पिण्याचे पाणी देण्याची अट निविदेत नाही.’ आता प्रश्नाला जागा, वेळ, माणूस आणि जबाबदार यंत्रणा मिळाली. पर्यायही आपोआप सुचू लागतात. निविदेच्या अटी बदलता येतील, कामाच्या वेळा पहाटे व संध्याकाळी नेता येतील, पाणपोया व सावलीची व्यवस्था करता येईल किंवा केवळ जनजागृती करता येईल. सद्यःस्थिती आहे तशी ठेवणे हाही पर्याय लिहून त्याची किंमत मांडली पाहिजे, कारण प्रत्यक्षात अनेकदा तोच निवडला जातो आणि त्याची किंमत कुठेच नोंदली जात नाही.

मग प्रत्येक पर्यायासाठी विचारा की अधिकार कोणाचा आणि पैसा कोणाचा. या उदाहरणात बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकर जमा होतो आणि त्यातून कल्याणकारी मंडळ चालते, हे माहीत असलेला विश्लेषक नवा निधी मागण्याआधी मंडळाच्या नियमांत हा खर्च बसतो का ते पाहील. इतर शहरांनी काय केले तेही पाहावे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी ती वाट धरली. मात्र तिथला आराखडा इथे उतरवण्याआधी इथले मजूर कुठून येतात, नाका कुठे भरतो आणि दिवसाची मजुरी बुडणार असेल तर दुपारची सुटी त्यांना परवडते का, हे नाक्यावर सकाळी सात वाजता उभे राहून विचारले पाहिजे. मजुरी न बुडवता वेळ बदलता येत नसेल, तर तो पर्याय कागदावर कितीही चांगला दिसला तरी मी त्याची शिफारस करणार नाही.

टिप्पणी लिहिणे

शासनात विश्लेषणाला रूप मिळते ते टिप्पणीत. साठ पानी अहवाल कपाटात जातो. अडीच पानांची टिप्पणी सहीसाठी वर जाते. विषय, पार्श्वभूमी, सद्यःस्थिती, निर्णयासाठी असलेला प्रश्न, पर्याय, वित्तीय भार, इतर विभागांचे अभिप्राय आणि प्रस्ताव, असा तिचा साधारण क्रम असतो. आधारभूत कागदांचा उल्लेख ‘पृष्ठ क्र. ४५/प.वि.’ असा पत्रव्यवहार विभागाच्या पृष्ठांकासह करावा किंवा पताका (खुणेची चिठ्ठी) लावावी. ई-ऑफिसमध्येही हा नियम सुटत नाही, कारण तीन वर्षांनी ती धारिका (फाइल) उघडणाऱ्याला तुमचा आधार सापडला पाहिजे.

प्रस्तावाच्या परिच्छेदावर सर्वांत जास्त वेळ द्या. ‘आवश्यक ती उचित कार्यवाही करण्यात यावी’ असे वाक्य लिहिले की काहीही घडत नाही, कारण त्यात कोणी, कधीपर्यंत आणि कोणत्या लेखाशीर्षातून हे नसते. त्याऐवजी ‘मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी ३० एप्रिलपूर्वी सर्व प्रकल्पांतील नादुरुस्त काटे बदलावेत व त्याचा खर्च अमुक लेखाशीर्षातून भागवावा’ असे लिहा, आणि मग ‘आदेशार्थ सादर’. विरोधातला मुद्दा लपवू नका. तो तुम्हीच मांडून त्याचे उत्तर दिले, तर वित्त विभागाकडून धारिका परत येण्याची शक्यता घटते. वित्तीय भार असलेल्या प्रस्तावाला वित्त विभागाची सहमती लागते, नियम किंवा अधिनियम बदलायचा असल्यास विधी व न्याय विभागाकडे जावे लागते आणि कोणते विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचे ते शासनाच्या कार्यनियमावलीत ठरलेले असते. हे टप्पे गृहीत धरूनच तारखा सुचवाव्यात.

टिप्पणीत लिहिलेले प्रत्येक वाक्य पुढे माहितीच्या अधिकारात नागरिकाच्या हाती जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. याने घाबरून गुळमुळीत लिहिण्याचे कारण नाही. कारणे स्पष्ट लिहिलेली असली की तुमचे आणि निर्णय घेणाऱ्याचे संरक्षण त्यातूनच होते.

नागपुरात काम करताना

येथे काही गोष्टी वेगळ्या आहेत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते, साधारणपणे डिसेंबरात. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचा परिसर बंदोबस्ताने भरतो, मंत्रालयाचे कर्मचारी धारिका घेऊन येथे येतात आणि तुमच्याकडे सकाळी अकराला आलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारपर्यंत मागितले जाते. तारांकित प्रश्न ‘हे खरे आहे काय’ अशा धाटणीचा असतो आणि उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ असे द्यावे लागते. सभागृहाला दिलेली माहिती चुकीची ठरणे ही गंभीर बाब आहे. म्हणून नोव्हेंबरातच आपल्या विषयाचे मूळ आकडे, त्यांची तारीख आणि ते कोणी प्रमाणित केले याची एक पानाची नोंद तयार ठेवा. जे तपासलेले नाही, ते घाईतही लिहू नका. मुदत मागून घेणे अधिक बरे.

‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, हा शब्द येथे प्रत्येक बैठकीत येईल. त्यामागचा इतिहास वाचल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, राज्यघटनेतील अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये स्थापन झालेली व ३० एप्रिल २०२० ला मुदत संपलेली वैधानिक विकास मंडळे आणि विजय केळकर समितीचा २०१३ चा अहवाल, एवढे किमान वाचावे. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन यांसारख्या क्षेत्रांत राज्याच्या सरासरीशी तुलना करून तूट मोजली. ती मोजण्याची रीत समजली, तरच आजचा दावा तपासता येतो.

जमिनीचा विषय आला तर महसुली नोंदी फार काळजीने वाचा. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या वनजमिनीच मानल्या जातील असे स्पष्ट केले आहे. गावात मोकळी दिसणारी जागा पाहून आरोग्य उपकेंद्राचा प्रस्ताव करण्याआधी तिचा सातबारा आणि जुना अभिलेख पाहावा लागतो, तो यासाठी. तसेच भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातले) तलाव राज्यभरासाठी आखलेल्या जलसंधारण योजनेच्या नमुन्यात अनेकदा बसत नाहीत, कारण त्यांची मालकी, निस्तार हक्क (गावकऱ्यांचे परंपरागत वापराचे हक्क) आणि मासेमारी संस्थांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले आहेत. पुणे किंवा मुंबईत तयार झालेला नमुना येथे चालतो का, हे कळवणे हे नागपुरात बसलेल्या विश्लेषकाचे कर्तव्यच आहे.

निर्णय झाल्यानंतर

आदेश निघाला की आपले काम संपले असे समजून पुढच्या विषयाकडे वळण्याची घाई होते. त्याऐवजी आदेशाच्या तारखेपासून एक महिना, तीन महिने आणि सहा महिने अशा तीन तारखा आपल्या रोजनिशीत लिहून ठेवा. पहिल्या तारखेला आदेश तालुक्यापर्यंत पोहोचला का, दुसऱ्या तारखेला निधी पोहोचला का आणि तिसऱ्या तारखेला वहीत फरक दिसतो का, एवढेच पाहायचे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे कामगिरी लेखापरीक्षा अहवाल या वेळी जरूर वाचावेत, कारण आपल्यासारख्याच योजना इतरत्र कुठे फसल्या ते त्यांत पुराव्यासह दिलेले असते.

मुदतीवर आलेल्यांनी आणखी एक काम शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावे. आपल्या जागी येणाऱ्यासाठी प्रत्येक विषयाचा एक कागद करा : शासन निर्णयांची तारीखवार यादी, लेखाशीर्ष, कोणता आकडा कोणत्या वहीतून येतो, तालुक्यात कोणाला विचारले की खरे समजते, आणि कोणती धारिका कोणत्या टेबलावर कधीपासून आहे. वजनकाट्यांच्या विषयाचा असा कागद मी करून ठेवला होता. माझ्यानंतर आलेल्या मुलीने त्याच्या खाली तीन नव्या गावांची नावे आणि काटे बसवल्याच्या तारखा लिहिल्या आहेत.